पुडिंगातलं मीठ

बापूला उभ्या आयुष्यात कुणी कशासाठी वाखाणलं नव्हतं. तसा तो वाईट कशातच नव्हता. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाने कापायच्या आणि बसवायच्या, हे काम तो वर्षानुवर्षं करत आला होता आणि नीट करत होता. पण नीट बसलेल्या काचेचं कोण कौतुक करतं? गिऱ्हाईक आरशात बघतं, स्वतःवर खूश होतं आणि चालायला लागतं. शाळेत मधल्या बाकावर, लग्नाच्या फोटोत तिसऱ्या ओळीत, असं सगळं आयुष्य मधेमधेच गेलेलं.

मग पन्नाशीला टेकल्यावर त्याचा पाय मुरगळला आणि तो काही दिवस घरी अडकला. लेकीचा फोन घेऊन पडल्या पडल्या बघत असताना तुर्कस्तानातला एक म्हातारा दिसला. कागदाहून पातळ पिठाचे पापुद्रे एकावर एक रचत होता, मधे अक्रोडाचा चुरा, वरून पाक. बापूने तो म्हातारा चारपाच वेळा पाहिला. पाय बरा झाल्यावर पहिला बकलावा केला तो विटेसारखा झाला. दुसरा खाता आला. तिसऱ्याची एक ताटली त्याने वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तरांकडे पाठवली, तर मास्तर रिकामी ताटली घेऊन स्वतः खाली आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बापू, अरे हात दाखव तुझा."

त्या दिवसापासून बापू बिघडला, असं त्याची बायको म्हणायची, पण हसून म्हणायची. इटलीचं तिरामिसू झालं, जपानची मोची झाली (ती टाळूला चिकटली, पण नवलाई म्हणून खपली), पोर्तुगालच्या अंड्याच्या वाट्या झाल्या. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी त्याच्या घरी मंडळी जमायला लागली. मास्तर, समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, तळमजल्यावरचा शिंपी आणि त्याची बायको. बापू आधी त्या देशाची माहिती सांगायचा. दोन वाक्यंच, पण पाठ केलेली. मग झाकण काढायचा. शिंपी त्याला बापूशेठ म्हणायचा. दुकानाच्या मालकीणबाई घरी फोन करून कृती विचारायच्या. काचा घासताना आता बापू शीळ घालायचा.

हाताखाली आई असायची. चौऱ्याहत्तरीची, काटक, तोंडाने तिखट. बदाम सोलायचे, दूध आटवायचं, ढवळत उभं राहायचं, ही कामं तिची. "तुझ्या या देशांना दुसरा उद्योग नाही का रे, सारखं काय ढवळायचं?" असं कुरकुरत ती तास तास ढवळायची. भांड्याला खाली लागू द्यायची नाही. मंडळींनी बापूची पाठ थोपटली की स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची.

त्या महिन्यात स्पेनचं फ्लान होतं. आपण कॅरॅमल पुडिंग म्हणतो त्याचंच थोरलं भावंड. साखर जाळून भांड्याच्या तळाशी ओतायची, त्यावर दूध, अंडी आणि साखर यांचं मिश्रण, मग पाण्याच्या थाळीत ठेवून हळूहळू भाजायचं. रात्रभर गार करून दुसऱ्या दिवशी उलटं केलं की जळक्या साखरेचा तांबूस रस चहूबाजूंनी ओघळतो.

रविवारी बापूने ते उलटं केलं आणि खरंच तसं झालं. कुठे चिरलं नाही, कुठे बसलं नाही. शिंप्याच्या बायकोने फोटो काढला. मास्तर वयाने मोठे म्हणून पहिला घास त्यांचा. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि ताटली हळूच खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंनी रुमाल तोंडाला लावला. शिंपी भिडस्त. त्याने अख्खा घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काहीतरी वेगळंच आहे."

बापूने खाल्लं. मीठ, नुसतं मीठ.

आणि तो घास गिळायच्या आतच त्याला सगळं आठवलं. शनिवारी साखर जाळण्यातच बारीक साखरेचा डबा (चहाची साखर वेगळ्या बरणीत असायची) रिकामा झाला होता. त्याच वेळी मालकीणबाईंचा फोन आला. तो खांदा आणि कान यांच्यात धरून बापू त्यांना अंडी कशी फेटायची ते समजावत होता, बोलता बोलता फुगत होता. फडताळातली पहिली हाताला लागलेली पारदर्शक पिशवी त्याने डब्यात उलटी केली. वाण्याकडून बारीक साखर आणि मीठ दोन्ही तसल्याच बिनचिठ्ठीच्या पिशव्यांतून येतं. तो बघत नव्हता, बोलत होता. आई तेव्हा घरातसुद्धा नव्हती.

हे सगळं त्याला लख्ख आठवलं, आणि तरी तो म्हणाला, "आईने साखरेच्या डब्यात मीठ भरलेलं दिसतंय. हल्ली तिच्या लक्षात राहत नाही."

आवाज त्याने हलका ठेवला होता. घरातली गंमत सांगावी तसा. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. आई पाण्याचे पेले घेऊन उभी होती.

"मी भरलं?" ती म्हणाली.

 बापू ताटलीकडे बघत होता.

"असेल," आई म्हणाली. "मीच भरलं असेल. या वयात काय सांगावं."

मग सगळे एकदमच बोलायला लागले. अहो होतं असं, आमच्याकडे तर एकदा असं झालं, आमच्या मामी तर असं करायच्या. बायकोने चहा टाकला. निघताना मास्तर बापूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आईवर रागावू नकोस हं." डॉक्टरीणबाई दाराशी थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या मावशीचं अशाच बारीकसारीक गोष्टींपासून सुरू झालं होतं. एकदा दाखवून घ्या."

बापूने मान हलवली. त्याला वाटलं, दोन दिवसांत विसरतील सगळे. संध्याकाळी सांगून टाकू आईला, गंमत म्हणून. पण संध्याकाळी आई लवकर झोपली. दुसऱ्या दिवशी दुकानाची घाई होती. तिसऱ्या दिवशी, आता इतक्या दिवसांनी उकरून कशाला काढायचं, असं वाटलं. लाजेची गंमत अशी की पहिल्या दिवशी ती घासाएवढी असते, आणि गिळली नाही तर रोज फुगत जाते.

आई मात्र विसरली नव्हती. ती भाजीत मीठ घालेनाशी झाली. "तू घाल बाई," सुनेला म्हणायची, "माझा भरवसा नाही." गॅस बंद केला का, हे ती दोनदा बघायची, मग सुनेला बघायला लावायची. बाजारात एकटी जायची ती जाईना. लेकीकडे, म्हणजे बापूच्या थोरल्या बहिणीकडे, दर वर्षी एकटी गाडीने जायची, वाटेत गाडी बदलून. या वेळी बहिणीचा फोन आला तर म्हणाली, "नको ग, वाटेत उतरायचंच विसरले तर?"

आणि घरही बदललं. बायको वाईट मनाची नव्हती, पण तिने लायटर वरच्या फळीवर ठेवला. लेक म्हणायची, "आजी, हे तू मघाशीच सांगितलंस." पूर्वी हे कुणी म्हणत नव्हतं, कारण पूर्वी कुणी मोजत नव्हतं. म्हातारी माणसं एक गोष्ट दोनदा सांगतातच. सगळ्यांची नजर आपल्यावर आहे म्हटल्यावर आई चाचपडायला लागली. बोलता बोलता थांबायची, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची, आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची.

दुकानात एक दिवस एका बाईंचा चष्मा परत आला. डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लागला होता. मालक मागच्या खोलीत आले तसं बापू त्यांनी विचारायच्या आधीच म्हणाला, "माझी चूक. संध्याकाळपर्यंत बदलून देतो." मालक "बरं" म्हणून गेले. बापू काच हातात धरून बसून राहिला. इतकं सोपं होतं ते. इथे कितीतरी वेळा म्हटलं असेल आपण. इथे कुणी आपल्याला मोठं म्हटलेलं नव्हतं, म्हणून लहान व्हायला काही लागत नव्हतं.

त्याच आठवड्यात आईकडून नळ उघडा राहिला. बापू कामावरून आला तेव्हा मोरीतलं पाणी उंबरठा ओलांडून बाहेर आलं होतं आणि बायको पोतेरं घेऊन वाकली होती. आई भिंतीला टेकून उभी होती.  ती पुटपुटत होती, "बंद केला होता मी. केला होता ना?"

आणि बापूला बरं वाटलं.

अगदी क्षणभर, पण वाटलं. छातीवरचा दगड सरकावा तसं. म्हणजे आईचं खरंच होतंय काहीतरी. म्हणजे आपण काही अगदीच खोटं बोललो नाही. पुढच्या क्षणी आपल्याला कशाने बरं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने बायकोच्या हातातलं पोतेरं ओढून घेतलं, म्हणजे खाली बघायला कारण मिळालं.

शेवटी बहिणीने फोनवरून तगादा लावला आणि आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. बापू घेऊन गेला. आईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, परीक्षेला बसावं तशी ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. डॉक्टर तरुण होते, शांत होते. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करा, मग आणखी सात. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने विचारले तर आईला दोन आठवले. तिसऱ्यासाठी तिने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि हात पदरात घट्ट आवळून म्हणाली, "गेला."

"काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "विसरायला होतंय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

आईने सांगितलं. बापूला वाटलं होतं ती टाळेल, पण तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. उलट वाढवून सांगितलं. मुलगा किती कष्टाने करतो, लोक किती लांबून येतात (लांबून म्हणजे वरच्या मजल्यावरून), आणि तिने साखरेच्या डब्यात मीठ भरून कसा सगळ्याचा विचका केला. "चार लोकांसमोर मुलाचं नाक कापलं मी, डॉक्टर. आणि तो एका शब्दाने बोलला नाही मला."

बापूला तिथे बसवेना. "आई, ते मीठ मी ओतलं होतं," तो म्हणाला. "डॉक्टर, ते मी केलं होतं. हिने नाही. मी फोनवर बोलत होतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

आईने हात पुढे करून बापूच्या मनगटावर ठेवला. तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू आलं होतं. "हा लहानपणापासून असाच," ती डॉक्टरांना म्हणाली. "दुसऱ्याचं अंगावर घेतो."

डॉक्टर समजुतीने हसले. वयाच्या मानाने सगळं ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या, घरच्यांनी असाच धीर द्या, असं म्हणाले. 'असाच' म्हणताना ते बापूकडे बघत होते. रिक्षात आई बाहेर बघत बसली आणि बापूला आपलं मनगट कुणीतरी भाजून काढल्यासारखं वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी त्याने मंडळींना बोलावलं. गोड काही केलं नव्हतं. नुसता चहा. सगळे बसल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्या वेळी मीठ मी घातलं होतं. आईचा काही संबंध नव्हता. मी तिच्यावर ढकललं."

 मग मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शिंप्याची बायको आईला म्हणाली, "नशीबवान हो तुम्ही." डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या भावांनी मावशीसाठी यातलं निम्मं जरी केलं असतं," त्या म्हणाल्या.

"अहो, खरं सांगतोय मी," बापू म्हणाला.

"हो, हो," सगळे म्हणाले.

बकलाव्याला मिळाली नव्हती एवढी शाबासकी बापूला त्या दुपारी मिळाली. शिंपी तर जाताना त्याच्या पाया पडायला वाकला, म्हणजे थट्टेत, पण अर्धाच थट्टेत. बापू दार लावून तसाच दाराला पाठ लावून उभा राहिला. गाढवासारखं ओझं उतरवायला गेलो, त्याला वाटलं, आणि लोकांनी वर आणखी हार घातले.

आई स्वयंपाकघरात कप धूत होती. तेवढं काम तिच्याकडे उरलं होतं.

"आता पुरे," ती मागे न बघता म्हणाली. "किती जणांना सांगत सुटशील? मला कळतं तू का करतोस ते."

"तुला नाही कळत."

"तुझी आई आहे मी."

बापू स्टुलावर बसला. बोलायचं काय हे त्याला माहीत होतं. ते कुणालाच सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. "आई, मागे नळ वाहिला ना, त्या दिवशी मला बरं वाटलं."

कपावरचा हात थांबला. "काय वाटलं?"

"बरं वाटलं. वाटलं, तुझं खरंच बिघडतंय, म्हणजे मी खोटा ठरत नाही. तू तिथे भिंतीला टेकून उभी होतीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं."

आई वळली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, लहानपणी खोकल्याचं औषध प्यायलास का विचारताना बघायची तसं. असलं काही कुणी बरं वाटावं म्हणून सांगत नाही, हे तिला कळत होतं.

"तू मीठ ओतलंस तेव्हा मी कुठे होते?" तिने विचारलं.

"खाली. शिंप्याकडे. अभ्रे शिवायला टाकायला गेली होतीस."

"अभ्रे," आई म्हणाली. हातातला कप तिने ओट्यावर ठेवला. "मला आठवत होतं रे. तू म्हणालास तेव्हाच मला आठवत होतं की डबा रिकामा झालेला मी पाहिलासुद्धा नाही, मी खाली होते. पण म्हटलं, मुलगा सगळ्यांसमोर उगीच कशाला बोलेल. म्हणजे माझंच आठवणं चुकीचं असणार." ती थांबली. "मी माझ्या डोक्याला खोटं पाडलं आणि तुला खरं धरलं."

बापूला वर बघवेना.

"तेव्हा तुला माहीत होतं? बोलतानाच?"

"हो."

"मग का?"

"ते सगळे मला चांगलं म्हणत होते," बापू म्हणाला. हे त्याच्या मनात कितीदा घोळलं होतं, पण तोंडातून बाहेर पडल्यावर इतकं भिकार वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. "तसं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं."

"मी म्हणत होते," आई म्हणाली.

तिने पदराला हात पुसले, वरच्या फळीवरचा लायटर स्टुलावर चढून काढायचा म्हणून बापूला स्टुलावरून उठवलं. तो मदतीला पुढे झाला तर तिने कोपराने बाजूला केलं. लायटर शेगडीजवळ जागच्या जागी ठेवला आणि पायात चपला घालून बाहेर पडली. आधी वर मास्तरांकडे, मग समोर, मग तळमजल्यावर. तिने काय सांगितलं ते बापूला ऐकू आलं नाही, पण तिचं लोकांनी लगेच खरं मानलं असावं. कारण संध्याकाळी जिन्यात मास्तर भेटले ते बाजूला होऊन, कठड्याकडे बघत गेले. डॉक्टरीणबाई थांबल्या. "आजींना मी उगीच घाबरवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला घाबरवू दिलंत." बापूने मान खाली घातली. 

बायको रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "लायटर मी वर ठेवला होता. मला पण लाज वाटते आता. ती तुझ्यामुळे." लेकीने ताट उचललं आणि आजीच्या खोलीत जाऊन जेवली.

आई त्याच्याशी बोलेना. बाकी सगळ्यांशी पूर्वीसारखी बोलायची, एकच गोष्ट दोनदा सांगायची, आणि कुणी टोकलं तर "मग पुन्हा ऐक" म्हणायची. भाजीत मीठ घालायची, मनासारखं. बापूचं ताट वाढायची, पण त्याच्यापुढे न ठेवता मधेच ठेवायची. चार दिवसांनी तिने पिशवी भरली आणि सुनेला सांगितलं, लेकीकडे जाते.

बापू तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. ती नको म्हणाली नाही, चल असंही म्हणाली नाही. पिशवी त्याला धरू दिली नाही. गाडी लागली तेव्हा तो म्हणाला, "वाटेत बदलायची आहे. मी येऊ का तिथपर्यंत?"

त्या रविवारनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "एवढी वर्षं कोण येत होतं?"

ती चढली, खिडकीपाशी बसली, आणि गाडी हलेपर्यंत समोर बघत राहिली. बापू गाडी वळेपर्यंत उभा राहिला. मग दुकानात गेला, मागच्या खोलीत बसला, दिवसभर काचा घासल्या. एकदा उगीचच फोन उचलून बघितला, खाली ठेवला, पुन्हा बघितला. वाटेत काही झालं तर ते आपल्यामुळे, आणि काही झालं नाही तरी आधीचं सगळं आपल्यामुळेच, असं दिवसभर त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

दुपार कलल्यावर बहिणीचा फोन आला.

"पोचली," ती म्हणाली. "मधे गाडी उशिरा होती म्हणून दुसरी विचारून पकडली. मी स्टँडवर पोचायच्या आधी येऊन बसली होती."

"बरं झालं."

"मला सगळं सांगितलंय तिने."

"हं."

 बहीण बोलणार हे बापूला माहीत होतं, आणि ती बोलली. लहानपणापासूनचं बोलली, सावकाश, एक एक शब्द निवडून, आणि बापूने फोन कानाला लावून सगळं ऐकलं. मधेच मालक काही विचारायला डोकावले, त्याचं तोंड बघून परत गेले.

"कधी येईल ती?" बहिणीचं संपल्यावर बापूने विचारलं.

"विचारलं मी. म्हणाली, बघू."

"माझ्याशी बोलेल का आता?"

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. आईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत.

"नाही म्हणते," बहीण म्हणाली. "नंतर विचार म्हणते."

"विचारीन," बापू म्हणाला.